फॉरमॅट : रामबाण की रामभरोसे?

आपल्या हॉस्टेलमध्ये दोन औषधं सगळ्या रोगांवर चालतात. माणूस आजारी पडला की क्रोसिन आणि कॉम्प्युटर आजारी पडला की फॉरमॅट. नाडी कुणी बघत नाही. ‘पीसी चालू होतानाच हँग होतोय रे’ हे वाक्य पुरं व्हायच्या आत कॉरिडॉरमधून तीन आवाज येतात, ‘फॉरमॅट मार!’ त्यातला एक आवाज सिव्हिलचा असतो, एक मेकॅनिकलचा आणि तिसरा, सांगायला लाज वाटते, आमच्याच ब्रँचचा. कुठे हँग होतोय, कधीपासून होतोय, काल काय नवीन टाकलं होतंस, असं एकही जण विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे आणि आपण तो पहिला म्हणून वापरतो. यात दोन नुकसानं होतात. डेटा जातो हे पहिलं. ते सगळ्यांना कळतं, निदान गेल्यावर तरी. दुसरं नुकसान कुणाच्या लक्षातच येत नाही. बिघाड नक्की कशामुळे झाला हे समजायची जी एकमेव संधी असते, तीही त्याच्याबरोबर पुसली जाते. इंजिनीअर व्हायला निघालेल्या मुलांनी हे दुसरं नुकसान जास्त मनावर घ्यावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही सवय आली कुठून? विंडोज ९८ आणि एक्सपीच्या जमान्यात तिला थोडा अर्थ होता. व्हायरस पेनड्राइव्हवरून खोलीखोलीत फिरायचे. सीडी कुणाकडे तरी असायचीच, तासा-दीड तासात मशीन पुन्हा नवं कोरं. त्यात २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमनाने कहर केला होता. चालू मशीनची वीज एकदम जायची, अर्धवट लिहिलेल्या फाइली खराब व्हायच्या आणि विंडोज खरोखरच बिघडायचं. म्हणजे रोग पुष्कळदा सॉफ्टवेअरचाच असे आणि फॉरमॅटने तो बराही होई. पुढे एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तो जमाना गेला, पण त्याचं प्रिस्क्रिप्शन मात्र सीनियरकडून ज्युनियरकडे वारसाहक्काने येत राहिलं.

फॉरमॅटची गंमत अशी की तो बऱ्याचदा चालतो. चालणारच! घरात उंदीर झाला म्हणून घर पाडून नवं बांधलं, तर उंदीर जाईलच. पण उंदराचं बीळ कंपाउंडच्या भिंतीत असेल तर? नव्या घरात तो आठवड्याभरात परत येईल. कॉम्प्युटरमध्ये हे बीळ म्हणजे हार्डवेअर. सैल झालेली रॅम, मरायला टेकलेली हार्डडिस्क, व्होल्टेज नीट न देणारा एसएमपीएस, धुळीने गच्च झालेला पंखा, यातलं काहीही फॉरमॅटने दुरुस्त होत नाही. ‘परवाच फॉरमॅट मारला होता, परत हँग व्हायला लागला’ ही तक्रार तुम्ही दर सेमिस्टरला ऐकता, त्यामागे बऱ्याचदा हेच बीळ असतं.

मग करायचं काय? आधी बघायचं, की मशीन थांबलं कुठे. मुंबईहून पुण्याला निघालेल्या गाडीचं उदाहरण घ्या. ती दादर, कल्याण, कर्जत करत येते, कर्जतला घाट चढायला मागून जादा इंजिनं लागतात, मग लोणावळा, शिवाजीनगर, पुणे. गाडी कर्जतलाच खोळंबली असेल तर शिवाजीनगरचा सिग्नल तपासायला कुणी जात नाही. कॉम्प्युटरची गाडीही अशीच ठरलेल्या स्टेशनांवरून जाते आणि प्रत्येक स्टेशनावरचा बिघाड वेगळा असतो.

पहिलं स्टेशन म्हणजे बटण दाबल्यापासून स्क्रीनवर पहिलं अक्षर उमटेपर्यंतचं. इथे बायोस (नव्या मशीनमध्ये त्याची जागा यूईएफआयने घेतली) स्वतःची तपासणी करतो, तिला पोस्ट म्हणतात. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, किंवा आतून बीप बीप आवाज, असं असेल तर विंडोजला दोष देऊ नका. ते बिचारं अजून जागंही झालेलं नाही. इथे संशयित म्हणजे रॅम आणि वीजपुरवठा. रॅम काढून परत नीट बसवणे हा आपल्याकडचा जुना उपाय. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत तो बऱ्याचदा लागूही पडतो. (वायर काढून, आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावून, मगच. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.) घरी जुना पीसी असेल तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर एकदा नजरेखालून घाला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बनलेल्या पुष्कळ बोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बसले होते. ते डोक्यावर फुगायचे, गळायचे आणि मशीन मधूनच अडकायचं. हा बिघाड नुसत्या डोळ्यांनी दिसतो, त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

दुसरं स्टेशन कंपनीच्या लोगोचं. लोगो आला आणि तिथेच पुतळा झाला. इथला माझा आवडता संशयित म्हणजे मागे लावून ठेवलेल्या वस्तू. विसरलेला पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, प्रिंटर, बाहेरची हार्डडिस्क. बायोस एकेकाला ‘तू कोण?’ विचारत बसतो आणि कुणीतरी उत्तर देत नाही. कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर सोडून सगळं उपटा आणि परत चालू करा. एक रुपया खर्च नाही, एक बाइट जात नाही. याच स्टेशनावर दुसरा प्रकार म्हणजे मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. तो संपला की घड्याळ मागे जातं, सेटिंग्ज उडतात, आणि काही मशीन ‘एफ १ दाबा’ असं सांगून निवांत वाट बघत राहतात. मॉनिटर उशिरा उजळला तर आपल्याला वाटतं हँग झालं!

तिसरं स्टेशन बूट डिव्हाइसचं. काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकतो, किंवा बूट डिव्हाइस सापडत नाही असा निरोप येतो. इथे बायोसमध्ये जाऊन बघायचं, की डिस्क यादीत दिसते का. दिसतच नसेल तर केबल किंवा डिस्क. दिसत असेल तर बूटचा क्रम किंवा बूटलोडर. बूटलोडर दुरुस्त करता येतो, त्यासाठी अख्खी डिस्क पुसायची गरज नसते.

चौथं स्टेशन विंडोजच्या फिरत्या ठिपक्यांचं. आपला कर्जतचा घाट तो हाच, कारण जास्तीत जास्त गाड्या इथेच अडकतात. आधी ती खरंच अडकलीय का हे बघा. अपडेट चालू असेल तर अर्धा तासही लागू शकतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, हात लावू नका. कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचा दिवा बदलला तर मशीन अजून ऐकतंय. बदलतच नसेल तर बहुधा पार गोठलंय. मग सेफ मोड. त्यात विंडोज अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर घेऊन उठतं. सेफ मोडमध्ये सुरळीत चालू झालं तर हार्डवेअर बहुतांशी ठीक आहे आणि चोर ड्रायव्हर किंवा आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे. एफ ८ दाबायची जुनी युक्ती विंडोज ८ पासून मुळात बंद ठेवलेली आहे, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. आता मशीन चालू होता होता दोन-तीन वेळा पॉवर बटणाने बंद पडलं, की पुढच्या वेळी रिकव्हरीचा निळा पडदा आपणहून येतो, आणि सेफ मोड त्याच्या पोटात आहे.

पाचवं स्टेशन डेस्कटॉपचं. चित्र दिसतं, आयकॉन दिसतात आणि मग सगळं ढिम्म. इथे बहुतेकदा गर्दीचा प्रश्न असतो. दोन-दोन अँटिव्हायरस, चार मेसेंजर, गेमचे लाँचर, सगळे एकदम दारात घुसतात. यातला चोर पकडायला परीक्षेत आपण जे दहा मार्कांना लिहितो ते बायनरी सर्च इथे फुकट वापरता येतं. निम्मे बंद करा, रीस्टार्ट करा. बिघाड गेला तर चोर बंद केलेल्यांत, राहिला तर चालू असलेल्यांत. पुन्हा त्यातले निम्मे. चोर एकच असेल तर १६ प्रोग्रॅममधून तो चार फेऱ्यांत सापडतो, ६४ मधून सहा फेऱ्यांत. बायनरी सर्च पाठ असलेला मुलगा एकेक प्रोग्रॅम उडवत बसतो, किंवा सरळ फॉरमॅट मारतो, तेव्हा त्या दहा मार्कांचं काय करायचं हा प्रश्न पडतो.

या सगळ्याच्या वर आणखी एक नियम आहे, तो चिकटवून ठेवण्यासारखा आहे. मशीन दर वेळी त्याच जागी अडकत असेल तर संशय ठरावीक फाइल, ड्रायव्हर किंवा वस्तूवर. दर वेळी वेगळ्या जागी अडकत असेल तर रॅम, उष्णता किंवा वीज. आणि कुठेही असो, पण चालू केल्यावर ठरावीक मिनिटांनीच अडकत असेल तर पंखा आणि थर्मल पेस्ट बघा. शंभर टक्के खात्रीचा हा नियम नाही, पण सुरुवात कुठून करायची हे तो सांगतो.

‘हे सगळं ठीक आहे रे, पण एवढा वेळ कुणाला आहे?’ असं म्हणणाऱ्यांसाठी १९ जुलै २०२४ चा शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी आपल्या सॉफ्टवेअरला एक सदोष अपडेट पाठवलं. सव्वा तासाने ते मागे घेतलं, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली होती. चालू होताना निळा पडदा, रीस्टार्ट, परत निळा पडदा. बँका, हॉस्पिटलं, विमानतळ सगळीकडे तेच. आपल्याकडेही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. इलाज काय होता माहीत आहे? सेफ मोडमध्ये जा, एका फोल्डरमधली एक फाइल डिलीट करा, रीस्टार्ट करा. बस्स. ८५ लाख मशीनवर आपली हॉस्टेलची पद्धत वापरली असती तर काय झालं असतं, कल्पना करा. कुणीतरी ‘कुठे थांबतंय’ हे आधी पाहिलं, म्हणून एका फाइलवर भागलं.

त्या दिवसाने आणखी एक गोष्ट शिकवली. ज्या मशीनची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती, त्यांच्यात शिरायला ४८ आकडी रिकव्हरी की लागत होती, आणि ती कुठे ठेवलीय हे अनेकांना शोधावं लागलं. आजकाल पुष्कळ नव्या लॅपटॉपवर हे कुलूप आधीपासून लागलेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. तुमची की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे. मशीन धडधाकट आहे तोवर आजच ती वहीत उतरवून ठेवा.

आता घरची गोष्ट. इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळालेल्या प्रत्येकाला दिवाळीत फराळाबरोबर एक कॉम्प्युटर मिळतो, दुरुस्तीला. गेल्या दिवाळीत शेजारच्या काकांनी मला हाक मारली. काका भजनी मंडळाचे खजिनदार. त्यांच्या पीसीत मंडळाचे दहा वर्षांचे हिशेब आणि ताईच्या लग्नाचे सगळे फोटो. पीसी विंडोजच्या ठिपक्यांवर अडकत होता. दुकानदार म्हणाला होता, ‘फॉरमॅट करावा लागेल, पाचशे रुपये, डेटाची गॅरंटी नाही.’ मी विचारलं, ‘काका, कधीपासून होतंय?’ ते म्हणाले, ‘गणपतीपासून. आधी चालू व्हायला पाच मिनिटं लागायची, मग दहा लागायला लागली, आता होतच नाही.’

अर्धं निदान या वाक्यातच होतं. ड्रायव्हर बिघडला तर मशीन आज चालतं आणि उद्या थांबतं. दोन महिने हळूहळू मंदावत जाणारं मशीन बहुधा डिस्ककडे बोट दाखवतं. पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालू केलं. ते नीट उठलं, म्हणजे रॅम आणि बोर्ड बरे असावेत. मग डिस्कचा स्मार्ट अहवाल पाहिला. प्रत्येक हार्डडिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते आणि ती वाचणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. वाचता न येणारे सेक्टर वाढत चालले होते. आधी हिशेब, मग फोटो असं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. तीन-चार फोटो हाती लागले नाहीत, बाकी सगळं आलं. मग नवी एसएसडी बसवून विंडोज टाकलं. काका म्हणाले, ‘म्हणजे शेवटी तू पण फॉरमॅटच केलंस की!’ म्हटलं, ‘हो काका, पण तुमचे हिशेब आधी बाहेर काढून.’

हा क्रमच महत्त्वाचा आहे. दुकानात त्याच आजारी डिस्कवर नवं विंडोज लिहिलं गेलं असतं, जुना डेटा त्याखाली गाडला गेला असता, आणि महिन्याभरात पीसी परत दुकानात आला असता. आणखी पाचशे रुपये. ‘फॉरमॅटनंतर रिकव्हरी सॉफ्टवेअरने डेटा परत काढता येतो’ या भरवशावरही कुणी राहू नका. जुन्या हार्डडिस्कवर क्विक फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, म्हणून कधीकधी जमतं. फुल फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून सगळीकडे शून्यं लिहितो. आणि एसएसडीमध्ये ट्रिम नावाची सोय रिकामी झालेली जागा खरोखरच साफ करून टाकते, तिथे आशा जवळजवळ नाहीच. मे महिन्यात प्रोजेक्ट रिपोर्टच्या सबमिशनच्या आठवड्यात याचा अर्थ काय होतो, हे बीई वाल्यांना वेगळं सांगायला नको.

मी फॉरमॅटचा शत्रू नाही. मालवेअर खोलवर शिरलं असेल, विंडोजच्या फाइली दुरुस्तीपलीकडे गेल्या असतील, किंवा मशीन दुसऱ्याला द्यायचं असेल, तर खुशाल फॉरमॅट करा. कधीकधी तीन तास शोधण्यापेक्षा एका तासात नवं विंडोज टाकणं शहाणपणाचंही असतं. फक्त त्याआधी दोन गोष्टी झालेल्या असाव्यात. डेटा बाहेर आलेला असावा आणि हार्डवेअर निर्दोष आहे हे तपासलेलं असावं. लाइव्ह पेनड्राइव्ह असेल तर निम्म्या वेळा दोन्ही गोष्टी एका बैठकीत होतात.

खरा प्रश्न कॉम्प्युटरच्या पलीकडचा आहे. उद्या आपल्यातलं कुणी बॉयलरशेजारी उभं असेल, कुणी सबस्टेशनमध्ये, कुणी पुलाच्या पायाशी. तिथे फॉरमॅटचं बटण नसतं. तिथे लक्षण बघून, एका वेळी एकच गोष्ट बदलून, केलेलं लिहून ठेवूनच पुढे जावं लागतं. ही सवय लावायला अडकलेला पीसी हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निरुपद्रवी साधन आहे. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब घासून घासून आपण हाताला फोड आणले. काही ठिकाणी पीसी जोडायलाही शिकवतात. पण बिघडलेली वस्तू समोर ठेवून ‘शोध’ असं कुणी म्हणत नाही.

म्हणून दोन सूचना. पहिली सरांना आणि लॅब असिस्टंट काकांना. डेड स्टॉकमध्ये गेलेली मशीन भंगारवाल्याकडे जायच्या आधी सहा महिने आम्हाला द्या. एखादा रॅमचा दांडा सैल ठेवा, बूटचा क्रम उलटा करा, चुकीचा ड्रायव्हर टाकून ठेवा, आणि बिघाड शोधून तो कसा शोधला हे जर्नलमध्ये लिहायला सांगा. हे एकच जर्नल असेल जे मागच्या वर्षीच्या मुलाकडून उतरवता येणार नाही, कारण प्रत्येक बॅचला बिघाड वेगळा.

दुसरी सूचना आपल्या सगळ्यांना. कॉमन रूममध्ये टीव्हीशेजारी एक दोनशे पानी वही ठेवू. चार रकाने : मशीन कोणतं, कुठे थांबलं, काय केलं, काय झालं. शेवटचा उपाय म्हणून फॉरमॅट केला असेल तर तेही लिहायचं, लाजायचं नाही. वर्षभरात तीस-चाळीस नोंदी झाल्या तरी पुढच्या बॅचला आपल्याच हॉस्टेलच्या विजेचे, धुळीचे आणि पेनड्राइव्हांचे गुण कळतील. वही आणि सुतळीने बांधलेलं पेन मी आणून ठेवतो. वहीची जबाबदारी माझी. पेन आठवडाभर टिकेल याची मात्र गॅरंटी नाही.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स